वरचं नितळ पाणी

शंभर पेशी मोजल्या. त्यांत एक हजार आठशे सेहेचाळीस कण होते. एक हजार दोनशे नऊ पेशीच्या आतल्याच मालाचे, पाचशे अठ्ठ्याऐंशी बाहेरून आत घेतलेल्या मालाचे, आणि एकोणपन्नास असे की ज्यांचं मूळ ठरवता आलं नाही. पेशी एका गाठीतल्या होत्या. गाठ साडेचार सेंटिमीटरची, उजव्या मूत्रपिंडातली, २०४० च्या फेब्रुवारीत काढलेली. तिचे बारीक तुकडे रेझिनच्या ठोकळ्यात घालून कपाटात ठेवलेले होते. ठोकळ्यावर नाव नव्हतं, नुसता क्रमांक होता. तो क्रमांक कुणाचा हे मला माहीत होतं. आईचा.

ही मोजणी मी २१ जुलै २०४२ ला संपवली. मिरजेतल्या एका प्रयोगशाळेत मी कनिष्ठ संशोधन सहायक आहे. त्याच महिन्यात आमच्याकडे थरवाचक नावाचं नवं यंत्र आलं होतं आणि त्यावर हात बसावा म्हणून जुने ठोकळे वाचायची सगळ्यांना मुभा होती.

शाळेच्या पुस्तकात लयकारिका असते: पेशीतली एक छोटी पिशवी, जिच्यात नको असलेलं सगळं पचवलं जातं. मूत्रपिंडाच्या गाठींमध्ये लयकारिकेसारखे दिसणारे गडद कण खूप असतात. एका पडद्यात गुंडाळलेले, आत कांद्यासारखे पापुद्रे. दिसायला सारखे, पण जन्म वेगवेगळे. काही म्हणजे पेशीने स्वतःच्याच थकलेल्या तंतुकणिका गुंडाळून पचवायला घेतल्या आणि ते काम अर्धवट राहिलं. काही म्हणजे पेशीने बाहेरून काहीतरी उचललं आणि ते पचलं नाही. शेवटी दोन्हींची राखच होते, आणि नुसती राख बघून कुठलं लाकूड जळलं ते सांगणं अवघड असतं. थरवाचक ते सांगतो. तो एकेका कणाचा पापुद्रा आयनांच्या झोताने खरवडतो आणि उडालेला प्रत्येक रेणू वजन करून ओळखतो.

तो पापुद्र्याचं वयही सांगतो. प्रथिनांमधलं अॅस्पार्टिक आम्ल जन्मतः डाव्या घडणीचं असतं. शरीराच्या उबेत ते वर्षागणिक थोडं थोडं उजव्या घडणीचं होत जातं, आणि या बदलाचा वेग ठरलेला आहे. उजवं किती, डावं किती, हे कळलं की वर्ष कळतं. पेशी दुभंगते तेव्हा हे कण फुटत नाहीत, अख्खेच्या अख्खे कुठल्या तरी एका मुलीकडे, म्हणजे नव्या पेशीकडे, जातात. म्हणून हजारो पेशींच्या गाठीतही, शोधलं तर, अगदी पहिल्या पेशीचे कण सापडतात. आईच्या गाठीत मला असे सदतीस सापडले.

सदतीसही बाहेरच्या मालाचे होते. सदतीसांतही कॅडमियम होतं, मूत्रपिंड नासवणारा विषारी धातू. सगळ्यांत आतला पापुद्रा २०२१ चा, सगळ्यांत बाहेरचा २०३९ चा. मधलं एकही वर्ष रिकामं नव्हतं.

माझं गाव चांदीचं. कोल्हापूरच्या पूर्वेला, घरटी पैंजण करणारं. पैंजणाच्या कड्या जोडायला जो डाक लागतो, त्यात पूर्वी कॅडमियम असायचं, कारण त्याने डाक कमी उष्णतेवर आणि पाण्यासारखा धावतो. आई माझ्या मामाच्या कारखान्याचं काम घरी आणून करायची. मामाचं नाव मलगोंडा. आई त्याला आण्णा म्हणते. २०२९ साली गावातल्या सगळ्या कारखानदारांनी कॅडमियमचा डाक सोडायचं ठरवलं. चांदी वितळवायच्या मुशीवर हात ठेवून प्रत्येकाने शपथ घेतली. आमच्याकडे मुशीवरची शपथ मोडलेला माणूस माहीत नव्हता.

२०२९ ला डाक बदलला असेल, तर ३० पासूनचे पापुद्रे रिकामे हवे होते.

इथे आधीचं थोडं सांगायला हवं. गाठीबरोबर आईचं उजवं मूत्रपिंड गेलं होतं, आणि डावं दोन वर्षांत निकामी होत आलं. मी माझं देऊ केलं. दात्याच्या मूत्रपिंडाचा तुकडा सुईने काढून त्यातले बाहेरच्या मालाचे कण मोजतात. शंभर पेशींत शंभरापर्यंत चालतात. माझे चारशे बारा निघाले. मग मामाची तपासणी झाली. मामाचे नऊ. १४ जूनला मामाचं आणि आईचं रक्त एकत्र करून बघितलं, तेही जुळलं. शस्त्रक्रिया बावीस ऑगस्टला ठरली.

चाळीस वर्षं डाक देणाऱ्या माणसाच्या मूत्रपिंडात नऊच कण कसे, हा प्रश्न मला पडला होता. वहीत मी लिहिलं, "आनुवंशिक फरक?" आणि पान उलटलं.

तेवीस जुलैला मी छापील आलेख घेऊन कारखान्यात गेले. मामा ठिय्यावर बसून स्वतः जोडकाम करत होता. मला बघून त्याने फुंकणी खाली ठेवली.

"आलीस व्हय शलू? बावीस तारीख पक्की हाय न्हवं? मी चपला नवीन घेतल्यात. दवाखान्यात जुन्या कशाला."

"मामा, कॅडमियमचा डाक तुम्ही कधी बंद केलात?"

"एकोणतीस साली. मुशीवर हात ठेवला की सगळ्यांनी. तू पेढं वाटत फिरत होतीस. का गं?"

मी कागद त्याच्यापुढे पसरला. "आईच्या गाठीत एकोणचाळीस सालापर्यंत कॅडमियम आहे. दरवर्षी."

त्याने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ धरला. "ह्यात मला काय कळतंय."

"एवढंच कळतं, की तुम्ही बंद केला नव्हता."

"केलता."

"मग पुढची दहा वर्षं कुठून आली?"

"ते मला कसं म्हाईत? मशिन तुझं."

"पेशीला खोटं बोलता येत नाही, मामा."

"म्हणजे मला येतंय." त्याने चष्मा काढला, काड्या नीट मिटल्या, खिशात ठेवला. शेजारच्या ठिय्यावरचे दोघे कारागीर हात थांबवून ऐकत होते. "बरं. च्या घेऊन जा."

मी चहा न घेता निघाले. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, आणि आईला मी स्वतः सांगितलं. मला तेव्हा वाटत होतं की रुग्णाला आपल्या आजाराचं कारण कळणं हा तिचा हक्क आहे. अजूनही वाटतं.

आई कॉटवर पाय सोडून बसली होती. पाय सुजलेले होते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पक्कं?"

"वर्षं पक्की आहेत."

"मग मला त्याचं काही नको."

"आई, मूत्रपिंड स्वच्छ आहे त्यांचं. नऊ कण आहेत फक्त."

"मूत्रपिंड असंल. माणूस न्हाई."

बावीस ऑगस्ट गेला. आईचं डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा. भाऊबीजेला मामा दारापर्यंत आला तेव्हा आईने आतून कडी घातली. तो पायरीवर थोडा वेळ बसला आणि गेला. दिवाळीनंतर त्याने कारखाना बंद केला. कारागीरच राहिले नाहीत. मुशीवरची शपथ मोडलेल्याकडे कोण बसणार.

आईच्या अंगात रक्त ठरत नव्हतं. इंजेक्शनं लागू पडेनात. ऑक्टोबरात हिमोग्लोबिन पाचावर आलं आणि पहिल्या दोन पिशव्या चढवल्या. डायलिसिस बघणाऱ्या डॉक्टर तांबोळींनी मला बाहेर बोलावलं.

"तुमच्या आईंना मनवा," त्या म्हणाल्या. "रक्ताची प्रत्येक पिशवी म्हणजे एका परक्या माणसाशी ओळख. शरीर परक्याच्या खुणा लक्षात ठेवतं आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. तशाच खुणा उद्या दात्याच्या मूत्रपिंडावर असल्या तर?"

"प्रतिपिंडं धुऊन काढता येतात ना?"

"रक्तद्रव सोळा पट पातळ केल्यावर प्रतिक्रिया थांबत असेल, तर येतात. एकास सोळा. त्याच्या पुढे गेलं की मी हात लावत नाही. नवं मूत्रपिंड टेबलावरच काळं पडतं. आज जुळतंय, म्हणून घाई करा. तुमचं काय भांडण असेल ते नंतर भांडा."

मी आईला हे सांगितलं. आई म्हणाली, "तूच कागद आणलास, आता तूच फाडतीस?" मी फाडला नाही. माझ्या मते कागद बरोबर होता. डिसेंबरात तीन पिशव्या लागल्या, फेब्रुवारीत दोन, मार्चअखेर आणखी दोन.

सहा एप्रिलला डायलिसिसच्या खोलीत, यंत्राला जोडलेली आई भिंतीवरची पथ्याची यादी वाचत होती. पालेभाज्यांवर फुली होती. तिने सिस्टरला विचारलं, "अळूपण चालत न्हाई?"

"नाही मावशी. पोटॅशियम."

"माझ्या परड्यातलं अळू खाल्लं असतं तर असं म्हणाला नसता तुम्ही." मग ती माझ्याकडे वळली. किती दिवसांनी तिच्या तोंडावर जरा तजेला दिसत होता. "पानं कशी असायची गं, हत्तीच्या कानासारखी. पिंपातलं वरचं पाणी घालत होते मी."

"कुठलं पिंप?"

"हात धुवायचं. परड्यातलं."

आमच्या गावात चांदीचा कण वाया जात नाही. कारखान्यातली झाडलोट पोत्यात भरून ठेवतात, कामाचे जुने कपडे जाळून राख चाळतात. डाक दिलेला पैंजण गंधकाच्या पातळ तेजाबात, म्हणजे आम्लात, बुडवून उजळतात, मग धुतात; ते धुण्याचं पाणी आणि कारागिरांचं हात धुतलेलं पाणी एका पिंपात साठवतात. रात्रभरात चांदीचा गाळ तळाशी बसतो. गाळ विकतात. वर राहतं ते नितळ पाणी.

"आण्णा म्हणायचा, वैजू, ते गटारीत वत," आई सांगत होती. "मी म्हटलं, चांगलं नितळ पाणी हाय, वतायचं कशाला. वाफ्यात सोडलं की झालं. अळवाला पाणी लागतंय. आषाढापासनं दिवाळीपर्यंत रोज भाजी. सगळ्या गल्लीला वाटत होते. तू तर भाताबरोबर दोन दोन वाट्या खायचीस."

"मामा?"

"त्याचा घसा खाजायचा. शिवला न्हाई कधी. म्हणायचा, वैजू, तुझं अळू एक दिवस माझा जीव घेणार." ती हसली, आणि मग तो कोण आहे हे आठवल्यासारखी थांबली.

या तेजाबात चांदी जवळपास विरघळत नाही. कॅडमियम विरघळतं. चांदी तळाशी बसते आणि कॅडमियम वरच्या नितळ पाण्यात राहतं. जमिनीत ते वर्षानुवर्षं टिकतं; डाक बदलल्याने जमीन बदलत नाही. पालेभाज्या ते मुळांनी ओढून पानांत साठवतात. पोटात गेलेलं कॅडमियम एका लहान प्रथिनाला चिकटून मूत्रपिंडात गाळलं जातं, आणि तिथली पेशी ते प्रथिन लघवीत जाऊ देत नाही. परत उचलते. पेशीही आमच्या गावासारखीच, काही वाया घालवत नाही. प्रथिन पचतं, कॅडमियम कणात राहतं.

हे सगळं मला आधीही ठाऊक होतं, सुटं सुटं.

थरवाचकात एक दुसरी पद्धत आहे. पावसाळ्याच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी असतो, उन्हाळ्याच्या पाण्यात जास्त. पापुद्रा अजून पातळ खरवडला तर हा फरक दिसतो, आणि एका वर्षाचे ओला आणि कोरडा असे दोन भाग करता येतात. त्याला एका कणामागे तीन दिवस लागतात. वर्षाची सरासरी वीस मिनिटांत येते. जुलैत मी सरासरी काढली होती. यंत्र मोकळं होतं, वेळ होता, कुणी अडवलं नव्हतं. पण मला हवं ते उत्तर सरासरीत मिळालं होतं.

आता मी सहा कण घेतले. अठरा दिवस लागले.

गावात डाकाचं काम लग्नसराईत असतं, माघापासून वैशाखापर्यंत. म्हणजे कोरड्या भागात. डाकाच्या धुरातून आलेलं कॅडमियम तिथे जास्त हवं. सहा कणांतल्या २०२९ नंतरच्या पापुद्र्यांत मिळून ओल्या भागात शंभरातले एक्याऐंशी भाग निघाले, कोरड्यात एकोणीस. घरामागच्या परड्यातली माती आणून तपासली. शेतीला चालतं त्याच्या चौदा पट कॅडमियम.

दोन मेला मी मामाकडे गेले. कारखान्याचं शटर अर्धं वर होतं. आत मामा एकटाच स्टुलावर बसून पेपर वाचत होता. पायात जुन्याच चपला होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: पिंप, पाणी, अळू, ओला भाग, कोरडा भाग. माझं चुकलं, हेही सांगितलं. ते सांगायला सगळ्यांत कमी वेळ लागला.

त्याने पेपरची घडी घातली.

"म्हणजे मी बंद केलता."

"हो."

"नऊ महिने लागलं तुझ्या मशिनीला." तो माझ्याकडे बघत नव्हता. "वैजूला सांगितलंस?"

"आज सांगणार आहे. मग ती तयार होईल."

"नको सांगूस."

"का?"

"गल्लीभर वाटलं तिनं ते. तुला भरवलं. तुझ्यात किती निघालं म्हणालीस, चारशे?"

"चारशे बारा."

"ते कळल्यावर ती टेबलावर चढंल व्हय? म्हणंल, मला जगायचंच न्हाई. मला वळखती ती. तिला मी जास्त वळखतो."

"मग तिला सांगायचं काय?"

मामा उठला. कोपऱ्यातल्या भट्टीवरची राख त्याने उगीच हाताने झटकली. "मी सांगतो, बंद केला नव्हता म्हणून. कबूल करतो. ती मला माफ करंल. स्वतःला करायची न्हाई."

"मामा, तुम्ही शपथ पाळलीत. मी सगळ्या गावात सांगणार आहे की—"

"आधी नव्हं का सांगितलंस सगळ्या गावात. आता ऱ्हाऊ दे." मग म्हणाला, "डाक तर माझाच होता की. पाणी वत म्हटलं, पण का वत ते म्हटलं न्हाई. मलाबी कुठं म्हाईत होतं."

"आणि मूस?"

"मूस थंड हाय आता," तो म्हणाला आणि शटर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आईने दार उघडलं, कारण मामाच्या सोबत मी होते. मामा खाली सतरंजीवर बसला. त्याने आडपडदा ठेवला नाही. एकोणतीस साली हात ठेवला, पण जुना डाक चालूच ठेवला, असं त्याने सांगितलं. नवीन डाक महाग होता. कुणाला कळायचं नाही असं वाटलं.

"दहा वर्षं?" आईने विचारलं.

"दहा."

"मला घरी काम देतानापण तोच?"

"तोच."

 आई माझ्याकडे वळली. "म्हणजे तुझा कागद खरा होता."

दुरुस्त केलेला अहवाल माझ्या पिशवीत होता, चार पानी, सहीचा. मी दाराला टेकून उभी होते.

"हो," मी म्हटलं.

"तुझ्या तोंडातनं ऐकायचं होतं," आई मामाला म्हणाली. "ह्या पोरीच्या कागदातनं न्हवं. आता दे काय द्यायचं ते."

मामाने मान खाली घातली. वर केली तेव्हा डोळे ओले होते, पण बोलला ते नेहमीसारखंच. "चपला नवीन हाईत अजून. घातल्या न्हाईत."

"घाल की मग," आई म्हणाली. "आणि शलू, आण्णाला च्या टाक. साखर जास्त, त्याला गोड लागतंय."

चार मेला सकाळी दोघांचं रक्त घेतलं. मामा नव्या चपला घालून आला होता. एक चप्पल चावत होती, ते तो आईला दाखवत होता. निकाल सहा तारखेला आला. डॉक्टर तांबोळींनी मला कागद दिला आणि खुर्ची दिली. कागदावर दोन ओळी होत्या.

१४ जून २०४२. आधी चढवलेलं रक्त: ० पिशव्या. दात्याशी प्रतिक्रिया: नाही.

४ मे २०४३. आधी चढवलेलं रक्त: ९ पिशव्या. दात्याशी प्रतिक्रिया: आहे, एकास एक हजार चोवीस.